औषधशास्त्राचा तास वॉर्डात भरावा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

नाशिकमध्ये एकतीस वर्षे नोकरी करून मी निवृत्त झाले. त्यांपैकी पहिली नऊ वर्षे वॉर्डात गेली आणि उरलेली बावीस नर्सिंगच्या विद्यार्थिनींना शिकवण्यात. गेल्या महिन्यापासून आमच्या शेजारची एक मुलगी माझ्याकडे औषधशास्त्राच्या तयारीसाठी येते. ती बी.एस्सी. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, कष्टाळू आहे आणि तिचे पाठांतर उत्तम आहे. लघवी वाढवणाऱ्या औषधांचे वर्गीकरण तिने न अडखळता म्हणून दाखवले आणि कोणते औषध मूत्रपिंडाच्या कोणत्या भागावर काम करते तेही सांगितले. त्या दिवशी माझ्या नातवाला ताप होता. मी कपाटातली पॅरासिटामॉलची बाटली तिच्या हातात दिली आणि विचारले, बाळाचे वजन दहा किलो आहे, किलोमागे पंधरा मिलिग्रॅम धरले तर यातले किती मिली द्यायचे? ती बराच वेळ लेबलाकडे पाहत राहिली आणि म्हणाली, "मॅडम, हे आम्हाला परीक्षेला नसतं."

त्या वाक्यामुळे हे पत्र लिहीत आहे.

हिशेब साधा आहे. बाळाला १५० मिलिग्रॅम हवे. बाटलीवर '५ मिलीमध्ये १२५ मिलिग्रॅम' असे असेल तर ६ मिली, '५ मिलीमध्ये २५०' असेल तर ३ मिली, आणि तान्ह्या मुलांचे ड्रॉप्स असतील, ज्यांच्या १ मिलीमध्येच १०० मिलिग्रॅम असते, तर दीड मिली. ही तिन्ही रूपे आपल्या कोणत्याही मेडिकलमध्ये एकाच फळीवर मांडलेली असतात. '६ मिली' एवढेच लक्षात ठेवणाऱ्या मुलीच्या हाती ड्रॉप्सची बाटली आली, तर बाळाच्या पोटात चौपट औषध जाईल. अशा वेळी वर्गीकरण तिच्या मदतीला येणार नाही.

वाचकांना माहीत असावे म्हणून सांगते. भारतीय परिचर्या परिषदेने २०२१ मध्ये बी.एस्सी. नर्सिंगचा अभ्यासक्रम सुधारला आणि सत्रपद्धत आणली. औषधशास्त्र त्यात दोन भागांत येते. तिसऱ्या सत्रात २० तास आणि चौथ्या सत्रात ६० तास, आणि या दुसऱ्या भागात औषधे लिहून देण्याची मूलतत्त्वेही घातलेली आहेत. अभ्यासक्रम वाईट आहे असे माझे म्हणणे नाही, उलट पूर्वीपेक्षा तो पुष्कळ विचाराने केलेला आहे. पण हे सर्व तास वर्गातले आहेत, प्रात्यक्षिकाचे वेगळे तास या विषयाला नाहीत. औषध कसे द्यावे आणि मात्रा कशी काढावी हे मुली पहिल्या वर्षी नर्सिंग फाउंडेशनमध्ये शिकतात, आणि औषधांची नावे, गट, परिणाम, दुष्परिणाम दुसऱ्या वर्षी. पहिल्या वर्षी गणित असते पण औषध ओळखीचे नसते, आणि दुसऱ्या वर्षी औषध ओळखीचे होते तोवर गणित विस्मरणात गेलेले असते. त्या दोन्हींची गाठ घालून देण्याचे काम शिक्षकांचे आहे, आणि ते आम्ही पुरेसे केलेले नाही. यात मी स्वतःलाही धरते.

धरते म्हणण्याला कारण आहे. पुष्कळ वर्षांपूर्वी एका रुग्णालयात (नाव लिहिण्याचे प्रयोजन नाही) माझ्या देखरेखीखाली काम करणाऱ्या एका विद्यार्थिनीने तोंडी परीक्षेत इन्सुलिनवर फार सुंदर उत्तर दिले होते. साधे इन्सुलिन कातडीखाली दिल्यावर अर्ध्या तासात कामाला लागते, दोन ते चार तासांत त्याचा जोर सर्वाधिक असतो आणि सहा ते आठ तास ते टिकते, हे तिने घड्याळ मांडल्यासारखे सांगितले. मी तिला चांगले गुण दिले. त्याच आठवड्यात तिच्याकडे मधुमेहाचे एक आजोबा होते आणि केस पेपरवर रात्रीच्या जेवणाआधी २० युनिट लिहिलेले होते. वॉर्डातल्या लाल टोपणाच्या सिरिंज संपल्या होत्या, म्हणून स्टोअरमधून नारिंगी टोपणाच्या आल्या. आपल्याकडे व्हायलमधले इन्सुलिन बहुधा मिलीला ४० युनिटचे असते आणि लाल टोपणाची सिरिंज त्याच मापाची असते. नारिंगी टोपणाची सिरिंज मिलीला १०० युनिटच्या इन्सुलिनसाठी आखलेली असते. मुलीने २० च्या रेघेपर्यंत औषध ओढले. म्हणजे ०.२ मिली. मिलीला ४० च्या हिशेबाने ते ८ युनिट झाले.

साखर उतरली नाही. दुसऱ्या दिवशीच्या राऊंडला डॉक्टरांनी मात्रा वाढवली, आणि एक-दोन दिवसांनी आणखी वाढवून ३० युनिट केली. ३० च्या रेघेपर्यंत ओढलेले इन्सुलिन प्रत्यक्षात १२ युनिट होत होते. मग लाल टोपणाच्या सिरिंज आल्या आणि त्या रात्री आजोबांना प्रथमच खरोखरचे ३० युनिट मिळाले. दहाच्या सुमारास त्यांना दरदरून घाम सुटला, ते असंबद्ध बोलू लागले आणि शेजारच्या खाटेवरच्या रुग्णाच्या मुलाने आरडाओरड केली. शिरेतून ग्लुकोज दिल्यावर ते शुद्धीवर आले आणि पुढे सुखरूप घरीही गेले. दोन्ही सिरिंज टेबलावर शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या तेव्हा काय झाले होते ते मला कळले. मुलीचे तोंडी परीक्षेतले उत्तर शब्दशः खरे ठरले होते, कारण जेवणाआधी दिलेल्या इन्सुलिनचा जोर नेमका त्याच वेळी वाढला होता. तिने जे पाठ केले ते बरोबर होते. मी मात्र एक व्हायल आणि दोन सिरिंज तिच्यापुढे ठेवून "दोन्हींत २० युनिट भरून दाखव" असे कधीच म्हटले नव्हते. त्यानंतर निवृत्तीपर्यंत इन्सुलिनचा तास मी फळ्यावर घेतला नाही.

गणिताविषयी थोडे. नर्सिंगकडे येणाऱ्या पुष्कळ मुलींनी दहावीनंतर गणित सोडलेले असते. जीएनएमला, म्हणजे नर्सिंगच्या पदविकेला, तर कला शाखेतल्या मुलीही येतात. औषधाच्या मात्रेला जे गणित लागते ते मात्र आपल्या प्राथमिक शाळेतले त्रैराशिक आहे. सूत्र म्हणून पाठ करायला दिले की त्यांना ते परके वाटते, आणि "एवढ्या मिलीत एवढे, तर एवढ्यासाठी किती" असे बाजारातल्या हिशेबासारखे मांडले की त्या चटकन सोडवतात. सलाईनच्या थेंबांचेही तसेच. साध्या सेटमधून २० थेंबांचा एक मिली होतो, म्हणून ५०० मिलीची बाटली आठ तासांत संपवायची असेल तर मिनिटाला २१ थेंब पडले पाहिजेत, आणि लहान मुलांच्या मायक्रो सेटमध्ये ६० थेंबांचा एक मिली असल्याने तासाला जितके मिली तितकेच मिनिटाला थेंब. हे वहीत लिहून येत नाही. घड्याळ हातात धरून थेंब मोजून सलाईनच्या नळीवरचे चाक फिरवल्यावरच येते.

आता आपल्या जिल्ह्यापुरते बोलते, कारण नाशिकला शिकणाऱ्या मुलीने कोणती औषधे पक्की ओळखली पाहिजेत हे इथली शेती आणि इथला पाऊस ठरवतो. निफाड, दिंडोरीचा द्राक्षपट्टा आणि कसमादेचा (कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा) कांदा, म्हणजे घरोघरी कीटकनाशकाचे डबे. फवारणी करताना अंगावर उडालेले किंवा रागाच्या भरात प्यायलेले ऑर्गॅनोफॉस्फरस विष घेऊन आलेला रुग्ण इथल्या प्रत्येक नर्सला आज ना उद्या भेटतोच. अशा विषबाधेत शरीरातला ॲसिटिलकोलीन (नसांचा निरोप अवयवांपर्यंत नेणारे द्रव्य) मोडणारा घटक निकामी होतो आणि ते साचत जाते, म्हणून तोंडाला लाळ, डोळ्यांना पाणी आणि छातीत कफाचा पूर येतो, बाहुल्या टाचणीएवढ्या होतात आणि नाडी मंदावते. त्यावर ॲट्रोपीन द्यायचे. पुस्तकात मुली ॲट्रोपीन शस्त्रक्रियेपूर्वी देण्याचे औषध म्हणून शिकतात, मात्रा ०.६ मिलिग्रॅम, म्हणजे एक अँप्यूल (काचेची छोटी कुपी). विषबाधेच्या रुग्णाला प्रौढ असेल तर सुरुवातच १.८ ते ३ मिलिग्रॅमने, म्हणजे तीन ते पाच अँप्यूलने होते, आणि छाती स्वच्छ होईपर्यंत दर पाच मिनिटांनी मात्रा दुप्पट करत जावी लागते. पाच, दहा, वीस. ज्या मुलीला 'ॲट्रोपीन ०.६' एवढेच ठाऊक आहे, ती हा आदेश ऐकून एक तर थबकते, नाही तर काहीही न समजता अँप्यूल फोडत राहते, आणि दोन्ही धोक्याचे आहे.

औषध कुठे थांबवायचे हे ठरवायला डॉक्टरांना नर्सचे डोळे लागतात. छातीतली घरघर गेली का, नाडी ८० च्या वर आली का, रक्तदाबाचा वरचा आकडा ८० च्या वर आहे का, काख हाताला कोरडी लागते का. बाहुल्या मोठ्या झाल्या एवढ्यावर विसंबायचे नाही. पुढे रुग्ण तापला, भ्रमात बडबडू लागला, पोटातले आवाज बंद झाले, लघवी तुंबली, तर ॲट्रोपीन जास्त होत आहे. ही निरीक्षणे आळीपाळीने रात्रभर करणारी मुलगी बहुधा विशीतली असते. तिला काखेत हात घालून पाहण्याचे कारण कळले असेल तर ती पहाटे चारलाही हात घालील. कारण न कळता तक्त्यातली एक चौकट म्हणून तिने ते केले, तर ती आधीच्या तासाचाच आकडा पुढे उतरवील. दोन्ही प्रकारच्या मुली मी पाहिल्या आहेत आणि त्यांच्यातला फरक हुशारीचा नव्हता.

इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, पेठ, सुरगाण्याकडे भातलावणीच्या दिवसांत सर्पदंश येतात. तिथे मुलींचा आणखी एक समज उलटा करावा लागतो. लहान मुलाला औषध वजनावर द्यायचे हे त्यांच्या मनावर ठसलेले असते, पण सर्पविषावरची लस मुलाला मोठ्या माणसाएवढीच द्यावी लागते, कारण साप माणूस बघून विष कमी सोडत नाही. 'का' हे एकदा कळले की नियम आणि अपवाद दोन्ही डोक्यात राहतात. त्या लसीची रिॲक्शन आली तर हाताशी ॲड्रेनालीन हवे. त्याच्या अँप्यूलवरचे 'एकास हजार' म्हणजे एक ग्रॅम हजार मिलीत, अर्थात एका मिलीत एक मिलिग्रॅम, आणि प्रौढाला मांडीच्या स्नायूत त्यातले अर्धा मिली. हे ज्यांना उलगडून सांगावे लागत नाही अशा मुली तिसऱ्या वर्षातही मला फार थोड्या भेटल्या.

भाषेचा मुद्दा मला मोठा वाटतो. आमच्याकडे येणाऱ्या कित्येक मुली आश्रमशाळांतून, जिल्हा परिषदेच्या मराठी शाळांतून शिकून आलेल्या असतात, आणि काहींच्या घरची बोली तर आणखी वेगळी असते. विषय इंग्रजीत, पुस्तक इंग्रजीत, परीक्षा इंग्रजीत. औषधांची नावे आणि संज्ञा इंग्रजीतच राहाव्यात, कारण केस पेपर आणि लेबले त्याच भाषेत असतात. पण समजावून सांगणे मराठीत का असू नये? 'काँट्राइंडिकेशन' हा शब्द मुली मंत्रासारखा म्हणतात. "हे औषध कुणाला देऊ नये" असे विचारले की त्यांचे डोळे उघडतात आणि त्या स्वतःहून विचारू लागतात, गरोदर बाईला चालेल का, मूत्रपिंड बिघडलेल्याला चालेल का. 'हाफ-लाइफ'चे तसेच. रक्तातले औषध निम्मे व्हायला लागणारा वेळ, एवढेच मराठीत सांगून मी पुढे विचारीत असे की डिगॉक्सिन या हृदयाच्या औषधाला निम्मे व्हायला दीड दिवस लागतो आणि ते बाहेर टाकणारे मूत्रपिंडच मंदावले आहे, तर रोजच्या गोळीचे काय होईल? मागच्या बाकावरूनही उत्तर येई, "साचत जाईल, मॅडम." मग गोळी देण्याआधी नाडी का मोजायची आणि ती साठच्या खाली असेल तर गोळी हातात ठेवून डॉक्टरांना का कळवायचे, हे सांगण्याची गरजच उरत नसे. छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची गोळी गिळली तर ती आतड्यातून आधी यकृतात जाते आणि तिथेच तिचा बराचसा भाग खर्ची पडतो, हे ज्या मुलीला तिच्या भाषेत कळले, ती घाबरलेल्या रुग्णाला पाण्याचा पेला देत नाही.

नर्स हा रुग्णापर्यंत औषध पोहोचण्याआधीचा शेवटचा हात आहे, म्हणून तिला प्रश्न विचारता आला पाहिजे. केस पेपरवर घाईत 'पोटॅशियम क्लोराइड एक अँप्यूल, शिरेतून' एवढेच लिहिलेले असते. त्या दहा मिलीच्या अँप्यूलमध्ये दीड ग्रॅम, म्हणजे २० मिलिइक्विव्हॅलंट पोटॅशियम असते. दिसायला ते इंजेक्शनच्या पाण्यासारखेच, आणि थेट शिरेत ढकलले तर हृदय थांबते. "सर, किती सलाईनमध्ये घालू आणि किती तासांत देऊ?" एवढे विचारायला धैर्य लागते, आणि ते धैर्य ज्ञानातून येते. राइल्स ट्यूब (नाकातून जठरात जाणारी नळी) घातलेल्या रुग्णासाठी खलबत्त्यात गोळ्या कुटणाऱ्या विद्यार्थिनींनाही मी हेच सांगत असे की गोळीच्या नावापुढे 'एसआर' दिसले तर हात थांबवा. बारा तासांत हळूहळू सुटायचे औषध कुटल्यावर एकदम सुटते. डॉक्टरांना सांगून ते साध्या गोळीत किंवा सिरपमध्ये बदलून घ्या.

हा विषय अनेक ठिकाणी बाहेरून येणारे डॉक्टर किंवा फार्मसीचे प्राध्यापक शिकवतात. त्यांच्या विद्वत्तेबद्दल मला पूर्ण आदर आहे, औषध शरीरात काय करते हे त्यांच्याइतके चांगले आम्ही सांगू शकणार नाही. पण व्हायलमधली पावडर कशात विरघळवायची, फिट्सवरचे फेनिटॉइन ग्लुकोजच्या सलाईनमध्ये घातले की त्यात स्फटिक दिसू लागतात म्हणून ते नॉर्मल सलाईनमध्येच द्यायचे, व्हँकोमायसिन हे प्रतिजैविक तासाभरापेक्षा कमी वेळात सोडले तर रुग्णाचा चेहरा-मान लालेलाल होते, हे नर्सला रोज लागणारे ज्ञान त्यांच्या तासात क्वचितच येते. म्हणून माझी विनंती आहे की प्रत्येक घटक दोघांनी मिळून शिकवावा. वर्गातल्या दर चार तासांमागे एक तास परिचर्या शिक्षिकेने वॉर्डात, औषधांच्या ट्रॉलीपाशी घ्यावा. ज्या रुग्णाला जे औषध चालू आहे त्याच्याच खाटेपाशी ते शिकवावे. मात्रा काढण्याची एक छोटी लेखी चाचणी असावी आणि तीत पन्नास टक्क्यांना उत्तीर्ण धरू नये. दहापैकी दहा येईपर्यंत ती पुन्हा पुन्हा द्यायला लावावी, आणि तोवर मुलीने एकटीने इंजेक्शन भरू नये. हे कठोर वाटेल, पण दहापैकी चुकलेले एक उदाहरण कोणाच्या तरी खाटेवर असते.

महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ मध्ये स्थापन झाले, आणि त्याचे मुख्यालय आमच्याच गावात, म्हसरूळला आहे. अभ्यासक्रमाची चौकट दिल्लीहून येते हे मला माहीत आहे. तरीही तास कसा घ्यावा, तोंडी परीक्षेत काय विचारावे आणि विद्यार्थिनीपुढे कागद ठेवावा की औषधांचा ट्रे, याबद्दल विद्यापीठाच्या अभ्यास मंडळाने महाविद्यालयांना स्पष्ट सूचना दिल्या तर बरेच काही बदलेल. शिक्षिकांची कमतरता आहे आणि एका वॉर्डात तीन-तीन महाविद्यालयांच्या मुलींची गर्दी असते, ही अडचण खरी आहे, मी ती भोगलेली आहे. त्यावर गट लहान करणे आणि वेळा वाटून घेणे याखेरीज दुसरा उपाय मला सापडला नाही. सकाळी आठच्या औषधांना सगळ्याच मुली जमतात आणि दुपारी दोनच्या औषधांना कोणीच नसते.

खर्चाचा प्रश्न मात्र इथे येत नाही. नोकरीच्या काळात मी औषधांची रिकामी खोकी आणि आत घडी घालून ठेवलेली माहितीपत्रके जमवत आले. एकाच औषधाच्या निरनिराळ्या ताकदी, सारख्या दिसणाऱ्या नावांच्या जोड्या, रक्त गोठू न देणाऱ्या हेपारिनची, मिलीला १००० आणि ५००० युनिटची, जवळजवळ एकसारखी खोकी, असे दोन खोके भरून साहित्य माझ्याकडे आहे. शेजारची मुलगी आता रोज त्यातली पाच उचलते आणि प्रत्येकाची मात्रा काढून दाखवते, परवापासून तिने दोन मैत्रिणींनाही आणले आहे. शहरातल्या किंवा तालुक्याच्या ठिकाणच्या ज्या नर्सिंग महाविद्यालयाला हे साहित्य हवे असेल त्याला मी ते विनामूल्य देईन, आणि पहिले काही तास वॉर्डात उभे राहून घ्यायलाही येईन.

कळावे,
आपली नम्र,
एक निवृत्त परिचर्या शिक्षिका,
पंचवटी, नाशिक